सकाळची साखर

हिल्डाबाईंनी एकतीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांचे यजमान आग्नेल यांची साखर तीनशे दहा निघाली. आता काय करायचं, हा प्रश्न बाईंना पडलाच नाही. वर्गात मागे पडलेल्या पोराला त्या जशा पहिल्या बाकावर आणून बसवायच्या, तसं त्यांनी नवऱ्याला ताब्यात घेतलं.

आग्नेल तेव्हा बासष्ट वर्षांचे होते, वजन चौऱ्याऐंशी किलो. भुईगावात घरामागेच त्यांची वाडी. केळी, आळू, थोडी पानवेल आणि कडेनं अबोली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि त्यांची सुकेळी करायची, हे काम करणारी जी चार-दोन घरं गावात उरली होती त्यांत त्यांचं एक. आपल्या हातची सुकेळी चाखल्याशिवाय ते कुणाला द्यायचे नाहीत, आणि चाखणं म्हणजे चार-पाच तरी.

बाईंनी ते सगळं बंद केलं. पाव बंद, केळं बंद, भात वाटीनं मोजून. संध्याकाळी सातला जेवण म्हणजे सातला. दोन जातींच्या गोळ्या, सकाळी न्याहारीआधी आणि दुपारी जेवणाआधी, त्या स्वतः हातावर ठेवायच्या आणि गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. रोज पहाटे चर्चमध्ये मिस्साला निघण्याआधी त्या आग्नेलच्या बोटाला सुई टोचायच्या आणि आलेला आकडा चर्चच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायच्या. सहा महिन्यांत दीडशे झाले, वर्षात एकशेदहा, आणि पुढे सगळी वर्षं अठ्ठ्याऐंशी, नव्वद, ब्याण्णव. आग्नेलचं वजन उतरत एकसष्ट किलोवर आलं. गावात ज्याला साखर निघेल तो बाईंना विचारायला येऊ लागला, आणि बाई त्यालाही कॅलेंडर लावायला सांगू लागल्या.

गेल्या दीड वर्षापासून मात्र आग्नेलचं डोकं चालेनासं झालं होतं.

सुरुवात विहिरीवरच्या पंपापासून झाली. पंप चालू करून ते तिथेच बसून राहिले आणि अर्ध्या वाडीत गुडघाभर पाणी साचलं. मग एकदा वाडीतून घरी यायचं सोडून भलत्याच दिशेनं चालत गेले आणि पॉल रिक्षावाल्यानं त्यांना समुद्राकडच्या रस्त्यावरून परत आणलं. मुलाला, कॅल्विनला, ते गॅब्रिएल म्हणू लागले. गॅब्रिएल म्हणजे त्यांचा भाऊ, तो जाऊन वीस वर्षं झालेली. कधी उगाच चिडायचे, कधी घामानं शर्ट भिजेपर्यंत भिंतीकडे बघत बसायचे. हे सगळं व्हायचं दुपारी नाहीतर संध्याकाळच्या सुमारास. सकाळी उठले की पूर्वीचे आग्नेल. काल काय झालं ते सांगितलं की त्यांचा चेहरा पडायचा आणि ते म्हणायचे की मला तर सगळं आठवतंय. मग घरातले एकमेकांकडे बघायचे.

एका दवाखान्यात नेलं, तिथे घाईत असलेल्या डॉक्टरांनी वय विचारलं, दोन प्रश्न विचारले आणि हा विसरण्याचा आजार आहे, आता हळूहळू वाढत जाणार, असं सांगून टाकलं. साखरेचं काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाईंनी कॅलेंडरची पानं पुढे केली. डॉक्टर म्हणाले, वा, साखर तर फार छान आहे.

तिथून पुढे घरात सगळे आग्नेलशी जरा मोठ्यानं आणि जरा सावकाश बोलू लागले. कॅल्विनचा वालीवला प्लॅस्टिकच्या साच्यांचा कारखाना, तो दिवसभर तिकडे. त्यानं आधी स्कूटरची किल्ली काढून घेतली, मग वाडीच्या फाटकाची. त्याची बायको नॅन्सी शाळेत शिकवायची, मुलगी टिफनी तिसरीत. आग्नेलना सांभाळायला दिवसभर एकट्या हिल्डाबाई, आणि त्याही अडुसष्टच्या. शेवटी कॅल्विननं जूचंद्रच्या बाजूला वृद्धांची काळजी घेणारी एक संस्था बघितली, खोली बघितली आणि फॉर्मही भरून ठेवला. बाईंनी त्यावर सही केली. आग्नेलना सकाळच्या वेळी समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी फक्त विचारलं की तिथे अंगण आहे का.

याच काळात एकदा धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात बाईंना सुकेळ्याचा चिकट तुकडा सापडला. शेजारच्या वाडीतून मागून आणला होता. बाईंनी नॅन्सीच्या देखत त्यांची खरडपट्टी काढली. आग्नेल मान खाली घालून म्हणाले, "ते खाल्लं की डोक्यातलं धुकं जातं." बाईंनी आयुष्यभर पोरांच्या सबबी ऐकल्या होत्या. त्यांनी शेजाऱ्यांना बजावून ठेवलं की यांना काही गोड द्यायचं नाही.

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी चर्चच्या सभागृहात ज्येष्ठांच्या मंडळाचा कार्यक्रम होता आणि मंडळानं बाईंना बोलावलं होतं. विषय, मधुमेहावर मात. आग्नेलना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती म्हणून त्यांनाही नेलं, आणि खरं सांगायचं तर बाईंना ते समोर बसलेले हवेही होते. माणसाचं डोकं गेलं ते देवाच्या हातात, पण शरीर बघा कसं ठेवलंय, हे लोकांना दिसायला हवं होतं. तीनचा कार्यक्रम, म्हणून त्या दिवशी जेवण साडेअकरालाच उरकलं. अर्धी भाकरी, भाजी, एक बांगडा. गोळ्या नेहमीप्रमाणे.

दाराशी टेबल मांडून मर्लिन बसली होती. मर्लिन बाईंची जुनी विद्यार्थिनी, कुवेतला वीस वर्षं नर्स म्हणून काम करून नुकतीच गावी परतलेली. येणाऱ्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर ती तपासत होती. तिनं आग्नेलचा हात मागितला तेव्हा बाई हसून म्हणाल्या, "आमची सकाळीच झाली. ब्याण्णव." आणि त्या नवऱ्याला घेऊन पुढे गेल्या. रविवार म्हणून कॅल्विनही आला होता, तो मागच्या रांगेत बसला.

फादरना यायला उशीर झाला. कार्यक्रम सुरू होईपर्यंत चार वाजून गेले. सगळ्यांना चहा आणि बिस्किटं दिली, आग्नेलना बिनसाखरेचा चहा, बिस्किटं बाईंनी बशीतून उचलून शेजारणीला दिली. मग त्या माईकसमोर उभ्या राहिल्या आणि कॅलेंडरपासून सुरुवात केली.

दहाएक मिनिटं झाली असतील. पहिल्या रांगेत आग्नेल उठून उभे राहिले आणि शर्टाची बटणं काढू लागले. शेजारी बसलेल्या त्यांच्या मित्रानं, स्टॅनीनं, त्यांचा हात धरला तर त्यांनी तो जोरात झिडकारला. कपाळावरून घाम ओघळत होता. ओठ हलत होते. आग्नेल डुगडुगत स्टेजपाशी आले, बायकोकडे नीट निरखून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही कोण? माझ्या हिल्डाला बोलवा."

बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. माईक चालूच होता. त्या म्हणाल्या, "माफ करा, यांचं हल्ली असंच होतं. कॅल्विन, पप्पांना घरी ने."

कॅल्विन पुढे आलाही. पण त्याच्या आधी मर्लिन पोचली होती. तिनं आग्नेलना खुर्चीत बसवलं, त्यांचा ओलाचिंब हात हातात घेतला आणि वर न बघता विचारलं, "टीचर, हे जेवले कधी?"

बाईंनी वेळ सांगितली. मर्लिननं बोट टोचलं. मशीनवर चौतीस आले.

"मशीन बिघडलंय," बाई स्टेजवरूनच म्हणाल्या.

मर्लिननं दुसरं बोट टोचलं. छत्तीस. चहाच्या टेबलावरची साखर तिनं पाण्यात ढवळली आणि आग्नेलचं डोकं पुढे झुकवून घोट घोट पाजू लागली, प्रत्येक घोट गिळला का ते बघत. कॅल्विन बापाची पाठ धरून उभा होता. बाई स्टेजच्या पायरीवर उभ्या होत्या आणि नऊ-दहा वर्षं ज्या वस्तूला त्यांनी घरात पाऊल ठेवू दिलं नव्हतं ती त्यांच्या डोळ्यांदेखत नवऱ्याच्या तोंडात जात होती.

दहा-बारा मिनिटं गेली. आधी घाम थांबला. मग हातांचं थरथरणं. मग आग्नेलनी डोळे मिचकावले, सभागृहाकडे बघितलं, स्वतःच्या उघड्या छातीकडे बघितलं आणि ओशाळून एक एक बटण लावायला घेतलं. सगळी बटणं बरोबर काजात गेली. मग ते म्हणाले, "हिल्डा, तुझं भाषण संपलं का? हे सगळे असे का बघतायत?" आणि शेजारी वळून, "कॅल्विन, तू कधी आलास?"

कॅल्विन. गॅब्रिएल नाही. गेल्या कित्येक महिन्यांत या वेळेला त्यांच्या तोंडून मुलाचं खरं नाव आलं नव्हतं.

नवऱ्यानं भर सभेत आपल्याला ओळखलं नाही, याचा धक्का बाईंनी त्या दहा मिनिटांत कसाबसा पचवला होता. त्यांना त्याची सवयच झाली होती. पण ते परत आले. बाईंच्या हिशेबी कायमचा गेलेला माणूस दोन चमचे साखरेनं परत आला, बटणं लावून बसला आणि भाषणाची चौकशी करू लागला. बाई आहे त्या पायरीवर खाली बसल्या.

मर्लिननं त्यांना घरी जाऊ दिलं नाही. गोळी अजून अंगात आहे, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून तिनं गाडी बोलावून सगळ्यांना वसईतल्या एका हॉस्पिटलात नेलं. आग्नेलना दोन दिवस ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या डॉक्टर ज्ञानदा यांनी बाईंना आणि कॅल्विनला समोर बसवलं. वयानं त्या कॅल्विनपेक्षा लहान. त्यांनी गोळ्या मागितल्या, बाईंनी डबा दिला. चिठ्ठी मागितली, बाईंनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दिली. घडीवर झिजून तिचे चार तुकडे व्हायला आले होते. ती देणारे डॉक्टर कधीच गाव सोडून गेले होते. दुकानदार चिठ्ठी बघायचा आणि दर महिन्याला गोळ्या द्यायचा. दहा वर्षांत ती चिठ्ठी नव्यानं कुणी लिहिली नव्हती, आणि बाईंनाही तशी गरज वाटली नव्हती. आकडे उत्तम येत होते.

तीन महिन्यांच्या सरासरीचा अहवाल आला होता. पाच पूर्णांक तीन. बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "चांगला आहे ना?"

डॉक्टरांनी अहवाल टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "बहात्तर वर्षांच्या माणसाचा, या गोळ्यांवर, हा आकडा चांगला नाही. भीतीदायक आहे." त्यांनी समजावून सांगितलं की हे औषध चौऱ्याऐंशी किलोंच्या माणसाला दिलेलं होतं, आता त्यावर एकसष्ट किलोंचा माणूस आहे. वयानं मूत्रपिंडं मंदावलीत, त्यामुळे एक गोळी अंगातून बाहेर पडायच्या आत दुसरी पोटात जाते. साखर जास्त राहिली तर मेंदूची नासाडी होते हे खरं, पण मेंदूला चालायला साखरच लागते, ती पुन्हापुन्हा इतकी खाली गेली तरी तो असाच वागतो. आणि मग त्यांनी विचारलं, "दुपारी कधी मोजली होती?"

बाईंनी मान हलवली. कधीच नाही. साडेतीन हजार सकाळी मोजल्या होत्या. दुपार एकही नाही.

एरवी शांत असणारा कॅल्विन त्या वेळी उठला आणि खोलीबाहेर गेला. काचेतून बाईंना दिसलं की तो फोनवर बोलतोय. संस्थेला फोन करून त्यानं खोली नको म्हणून कळवलं, आणि मग फोन खिशात ठेवून भिंतीला कपाळ टेकून तसाच उभा राहिला.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "हे मी केलं का?"

डॉक्टर ज्ञानदा म्हणाल्या की चिठ्ठी लिहिणाऱ्यानं पुन्हा बोलावायला हवं होतं, दुकानदारानं विचारायला हवं होतं, त्या दुसऱ्या डॉक्टरांनी दुपारची साखर बघायला हवी होती. "तुम्ही एकट्यांनी नाही केलं. तुम्ही नसता तर कदाचित त्यांचे पाय गेले असते, डोळे गेले असते. पण गोळी तुमच्या हातून गेली, हे मी नाही म्हटलं तर तुम्हाला पटणार आहे का?"

बाईंना ते पटणार नव्हतंच. खोटा दिलासा मिळाला नाही याचंच त्यांना बरं वाटलं. सगळं भरून येईल का, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाल्या की ते आज कुणीच सांगू शकणार नाही. बरंच येईल. साखर उतरण्याच्या काही झटक्यांनी मेंदूवर खूण ठेवलेली असेल. तीन-चार महिन्यांनी स्मरणशक्तीची चाचणी करू.

जुनी गोळी बंद झाली, दुसरी सौम्य अशी एकच राहिली, तीही अर्धी. घरी आल्यावर पहिले काही दिवस बाईंना ती अर्धी गोळीही नवऱ्याच्या हातावर ठेवता येईना. गोळी नॅन्सी द्यायची, ताटही नॅन्सीच वाढायची. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या आणि दर दोन तासांनी विचारायच्या, काय होतंय का, बरं वाटतंय ना, मी कोण आहे सांगा. चौथ्या दिवशी आग्नेल म्हणाले, "हिल्डा तू. आणि आता हा प्रश्न बस कर." पण तो बस करणं बाईंना महिनाभर जमलं नाही.

दुपारी साखर मोजली की एकशेचाळीस, एकशेसाठ यायचे. पूर्वी असा आकडा बघून बाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता डॉक्टर म्हणायच्या की ठीक आहे, यांच्यासाठी हेच बरोबर. बाईंचं मन ते मानायला वेळ घेत होतं. पण बाईंनी फाटक उघडून दिलं की दुपारी चार वाजता आग्नेल वाडीत कुदळ घेऊन उभे असायचे, आणि तो पुरावा समोर होता.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी बाई त्यांच्यामागे वाडीत गेल्या. वाडीच्या टोकाला बावखल आहे, पाणी साठवायचं जुनं तळं, उतारानं आत उतरत जाणारं. आग्नेल त्याच्या काठावर बसले होते. बाई शेजारी बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. सुकेळ्याचा तुकडा, शेजाऱ्यांना दिलेली ताकीद, संस्थेच्या फॉर्मवरची सही. माफी मागताना मधे मधे त्यांचा आवाज शिक्षकांसारखा व्हायचा आणि मग फुटायचा.

मग आग्नेलनी घरच्या बोलीत, हळू आवाजात, जे सांगितलं ते त्यांनी तोवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. गेल्या सप्टेंबरात एका दुपारी त्यांना भान आलं तेव्हा ते या पाण्यात छातीपर्यंत उभे होते. आत कसे गेले, का गेले, काही आठवत नव्हतं. पायाखाली गाळ सरकत होता. केळीच्या एका वाकलेल्या सोपाला, म्हणजे खोडाला, धरून ते बाहेर आले, मोटरीच्या पाण्यानं कपडे धुतले, अंगावरच सुकवले आणि घरी येऊन मुकाट्यानं जेवले. त्यानंतर, फाटकाची किल्ली जाण्याआधी, दोन-तीन वेळा ते सकाळीच इथे येऊन उतारावर काट्याच्या फांद्या रचून गेले होते. फांद्या कोण टाकतं म्हणून कॅल्विन चिडायचा आणि काढून फेकायचा.

"सांगितलं का नाहीत?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही मला लवकर धाडलं असतं," आग्नेल म्हणाले. त्यात राग नव्हता. जे झालं असतं ते त्यांनी फक्त सांगितलं.

बाई तिथून उठू शकल्या नाहीत. सप्टेंबरातली ती दुपार त्या शोधत राहिल्या. त्या दिवशी आपण काय करत होतो. बहुतेक झोपलो होतो. संध्याकाळी यांना ताट वाढलं, आणि जास्त भात मागितला म्हणून बोललोही असू. त्या दुपारी केळीचा सोप तिथे नसता तर दुसऱ्या दिवशीचा कॅलेंडरचा चौकोन रिकामा राहिला असता, आणि गावानं म्हटलं असतं की बिचाऱ्याचं डोकं फिरलं होतं. आणि आपणही तेच म्हटलं असतं, मरेपर्यंत. हा विचार मनात आला तेव्हा त्यांचे दात एकमेकांवर आपटू लागले. ऊन चांगलं वर आलं होतं. आग्नेलनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांच्या पाठीवर टाकला.

मे महिन्यात चाचणी झाली. डॉक्टर म्हणाल्या की अपेक्षेपेक्षा खूप चांगलं आहे. रस्ते आठवतात, माणसं ओळखतात, हिशेब तोंडी करतात. कॅल्विननं फाटकाची किल्ली परत दिली, स्कूटरची मात्र दिली नाही, आणि आग्नेलनी ती मागितलीही नाही. जे पुसलं गेलं होतं ते बहुतेक गेल्या वर्षा-दीड वर्षातलं. ते परत येईल असं वाटत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

त्याच आठवड्यात टिफनी तिच्या पहिल्या कम्युनियनचे फोटो घेऊन आजोबांजवळ येऊन बसली. डिसेंबरात, नाताळच्या पंधरा दिवस आधी, मुलीनं चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा तो समारंभ. पांढरा झगा घातलेली टिफनी, डोक्यावर फुलांचं कडं, आणि मागे तिच्या खांद्यावर हात ठेवून हसत उभे असलेले आग्नेल, नवा सूट घातलेले. आग्नेलनी फोटो हातात घेतला, दूर धरला, जवळ आणला.

"मी होतो तिथे?" त्यांनी विचारलं.

टिफनीला वाटलं आजोबा चेष्टा करतायत. ती हसली आणि दुसरे फोटो आणायला पळाली. आग्नेलनी तोच फोटो बायकोपुढे धरला. त्या दिवशी काय काय झालं ते सगळं सांग, म्हणाले. हिल्डाबाई त्यांच्याजवळ बसल्या आणि सांगू लागल्या. मिस्सा नऊची होती. टिफनीचं कडं एकदा घसरलं, ते तुम्हीच नीट केलंत. घरी पंचवीस माणसं जेवायला होती, नॅन्सीनं डुकराच्या मटणाचं इंदल केलं होतं, स्टॅनीनं घुमट वाजवला आणि तुम्ही गायलात, अर्धं गाणं. आग्नेल लहान मुलासारखे ऐकत होते, मधेच एखादा शब्द मनाशी पुन्हा म्हणून बघत होते.

"आणि केक होता?" त्यांनी विचारलं.

"होता. तीन मजली."

"कसा होता?"

बाईंनी खरं तेच सांगितलं. टिफनीनं तुमच्या तोंडापाशी तुकडा धरला होता, आणि मी तिचा हात धरून खाली केला.